रोज सकाळी बदलणारा मालक

पंचशीलाचे वडील मारोती मुखेडच्या अडतीवर हमाली करायचे. तिथं काही हरवलं की पहिली झडती त्यांचीच. लहानगी पंचशीला फाटकाबाहेर उभी राहून बघायची आणि झडती घेणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालायची.

तीच पोर आता लातूरला व्यंकटरावांच्या सोयाबीन गोदामात संगणक सांभाळत होती. पोती तापू नयेत म्हणून आपोआप चालणारे पंखे तिनंच बसवले होते. संगणकाचा मूळ कारभारी म्हणजे त्याच्या गाभ्यातला प्रोग्राम, कर्नल. तो पंख्यांसाठी एक फोल्डर मांडायचा. त्या फोल्डरवर तिच्या प्रोग्रामची मालकी असली तरच पंखे फिरत. मालक 'रूट', म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, झाला की परवानगी बंद, पंखे गप्प.

आणि रोज सकाळी मालक रूटच! ती मालकी बदलायची, दिवसभर सगळं सुरळीत, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, तिला आणि किल्ली सांभाळणाऱ्या शेषेरावांना. पूर्वी पंखे तेच चालू करायचे. हातचं काम गेल्याचा राग काढून राहिलेत, तिनं ठरवूनच टाकलं. संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाचं साधं हसणंही वाकडं दिसतं. तिला तर त्यांचा नमस्कारसुद्धा खोटा वाटायला लागला.

चौथ्या दिवशी पोती गरम लागली. तिनं व्यंकटरावांकडं शेषेरावांविरुद्ध लेखी तक्रार दिली. व्यंकटराव म्हणाले, "सोमवारपासून दुसरा माणूस बघतो. तवर रोज घरी जाताना शेषेरावची पिशवी बघत जा."

त्या संध्याकाळी ती मुद्दाम मागं थांबली. शेषेराव संगणकाकडं फिरकलेही नाहीत. त्यांनी दारं लावली आणि मेन स्विच खाली ओढला.

"मामा, हे काय केलंत?"

"रोजच करतो की, मॅडम. मागं वायरी जळाल्या, तवापासून मालकाचाच हुकूम हाय. सकाळी आठला चालू करतो, तुमी यायच्या आधी."

तिला सगळं उमगलं. ते फोल्डर डिस्कवर नसतंच. यंत्र सुरू झालं की कर्नल ते मेमरीत नव्यानं मांडतो, आणि मांडताना तिनंच लिहिलेल्या ड्रायव्हरला, म्हणजे पंखे संगणकाला जोडणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो, मालक कोण? तिनं त्यात उत्तर लिहिलंच नव्हतं. उत्तर नाही, म्हणून मालक रूट. हातानं केलेला बदल वीज जाताच पुसला जायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शिकलेल्या बाईला लाज वाटावी अशी चूक, आणि तिला ती वाटलीच.

"मामा, चूक माझी हाय. तक्रार आत्ताच परत घेते."

शेषेरावांनी मान हलवली. पण सवयीनं नाही, मालकाच्या हुकमानं, त्यांनी पिशवी टेबलावर ठेवून उघडली. डबा, पंचा, नातीसाठी घेतलेली पेन्सिल.

"बघून घ्या."

पंचशीलानं पिशवी बंद केली. मुखेडचं फाटक तिला लख्ख दिसत होतं.

"शक होता तं एकदा विचारायचं होतं, मॅडम," शेषेराव म्हणाले, आणि पिशवी उचलून बाहेर पडले.