अंधार राखणारे मास्तर

अंधारावर इतकी माया करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. वरवट बकालच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि हे मास्तर विज्ञान. गावात वीज अजून यायची होती, आणि ती येऊच नये असं वाटणारे ते एकटेच. कुणाच्या ओसरीवर गेले की आधी कंदिलाची वात खाली करणार, मग रामराम. रजेचा अर्ज 'अमावास्येनिमित्त' म्हणून लिहायचे, त्यामुळे मास्तरांना काहीतरी विद्या येते अशी गावाची खात्रीच झाली होती. एकदा एक सासू लिंबू आणि महिनाभर मुकी बसलेली सून घेऊन त्यांच्या दारात आली. मास्तरांनी दोघींना समोर बसवून तासभर गामा किरण समजावून सांगितले. सून मध्येच खुदकन हसली आणि दुसऱ्या दिवशी सासूने नारळ आणून दिला.

ते गामा किरण मीही शंभरदा ऐकले, अर्ध्या कानाने. "दूरच्या ताऱ्याकून येते, वर हवेवर आदळते न् ढेकळावानी फुटते. त्या चुऱ्याचा निळा उजेड पडते, पापणी लवाच्या आत गेलाबी! डोळ्याले नाही दिसत, आरशाले दिसते. माळावर धा-बारा आरसे मांडले न् कोणता पयले चमकला थे पाह्यलं, का किरण कुठून आला समजते." एवढं सांगून ते आभाळाकडे असं बघायचे, जणू पाहुणा वेशीपर्यंत आलाच आहे.

मुंबईच्या शास्त्रज्ञांना त्यांनी दोन वर्षं पत्रं लिहिली आणि शेवटी दोघे जण खरंच आले. लढाईतल्या जुन्या सर्चलाइटचा एक आरसा त्यांनी बरोबर आणला होता, आणि त्याच्यापुढे उजेड मोजणारी काचेची नळी बसवली होती. अमावास्येच्या एका रात्रीत आभाळ तपासायचं. पसंत पडलं तर सगळे आरसे आमच्याच माळावर येणार होते आणि मास्तर त्यांच्याजवळ बसणार होते. आयुष्यात त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. घरोघर जाऊन त्यांनी हात जोडले, "आज दिवे लावू नका, बाप्पा." गावानेही दिवस असतानाच जेवणं उरकली.

बुद्धी फिरली ती माझी. पाहुण्यांसाठी भाकरी बांधताना गावातले म्हातारे कुरकुरले, "मुंबईचे पाहुणे न् अंधारात जेवतीन? काय म्हणतीन आपल्या गावाले?" मलाही ते लागलं. जेवणापुरतं काम थांबणारच, असं मी आपल्या मनाने ठरवलं, लग्नातल्या चार गॅसबत्त्या पेटवून चौघांच्या डोक्यावर दिल्या आणि माळ चढलो. टेकाडाला वळसा घालून आम्ही पुढे आलो तेव्हा नळी उघडी होती आणि यंत्र चालू. पांढरा झोत थेट आरशात गेला. शास्त्रज्ञ ओरडत फडकं टाकायला धावले, पण एवढ्या उजेडाने नळी कामातून गेली होती. दुसरी आणलेली नव्हती.

"कोणी मागवले हे दिवे?" त्यांनी दरडावून विचारलं.

मी खाली मान घालून बत्त्या विझवत राहिलो. मास्तर पुढे झाले. "म्याच सांगतलं होतं. चुकलं माह्यं."

पहाटे पाहुणे आरसा बांधून निघून गेले. शाळेत मास्तरांनी मला एवढंच विचारलं, "पाहुण्याईले भाकर गरम भेटली नं?" त्या प्रश्नाने मी मेल्याहून मेलो. दिव्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. आरसे दुसरीकडे कुठेतरी लागल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, घडी घातली आणि वर्गावर गेले. त्यानंतरही ते मुंबईला पत्रं लिहीत राहिले, एकाचंही उत्तर आलं नाही. का यावं? ज्याला अंधार राखता येत नाही असा माणूस, हीच त्यांची ओळख तिथे राहिली होती.

आज मास्तर नाहीत. त्या पाकिटांवर पत्ता मीच घालायचो, माझं अक्षर बरं म्हणून. दिवे मी नेले होते, हे कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. ते जिवंत असेपर्यंत मी ते लिहिलं नाही.