न उघडलेली होडी

साठच्या दशकातली गोष्ट. हे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. समुद्राचा पत्ता नसलेल्या बंगळूरात ह्यांनी घरीच शिडाची छोटी कयाक बांधली. आत अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, वरून रबर चढवलेलं कॅनव्हास. आम्ही तिला होडीच म्हणायचो.

मलपेच्या समुद्रावरून परतलं की पान्याने बोल्ट सोडायचे, कॅनव्हास उतरवायचं आणि नळ्यांच्या सांध्यांवर गोडं पाणी ओतत राहायचं. निथळणारं पाणी मी जिभेला लावून बघायची. खारट लागेनासं झालं की धुणं संपलं. आमच्या चामराजपेटेत नळाला पाणी बेताचंच. शेजारची अक्का म्हणायची, "माणसांना प्यायला नाही, आणि होडीला आंघोळ!"

त्या वर्षी आम्ही मलपेहून घरी पोचलो ते नेमके आयुधपूजेच्या सकाळी. सासूबाईंनी घरातले पाने, पकडी, सगळं पाटावर मांडून गंध-फूल वाहिलं होतं. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही.

"आई, एक पाना द्या ना. मीठ आत राहील, नळ्या खाईल," मी म्हटलं.

"एका दिवसानं काय होतंय? स्वल्प दम धर की."

एरवी कुणाचं न ऐकणारे हे आईपुढे मात्र गोगलगाय. "सरी, बरं, उद्या बघू," म्हणाले. होडी नुसती वरून धुतली. आतून ठिबकणारं पाणी मी चाखलं, तर तोंड वाकडं झालं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची माणसं, मग कारखान्याचं बोलावणं. उद्याचा महिना झाला. होडी पडवीत टांगलेली. तिच्याखाली फरशीवर पांढरे ठिपके पडायचे. मी पुसायची, ते पुन्हा पडायचे. शेवटी ह्यांनी पाना लावला, तेव्हा बोल्ट जागचे हलेनात. डोलकाठीच्या बुडाशी पांढरी भुकटी साचली होती. मी ती बोटावर घेऊन ह्यांना दाखवली.

"वरवरचं आहे गं. आतून ठणठणीत आहे."

इंजिनिअरला कोण शिकवणार! मी भांडले, अबोला धरला. नाताळच्या सुटीत हे होडी घेऊन निघालेच. सासूबाई आणि मीही बरोबर गेलो.

मलपेला दुपारी वारा सुटला. किनाऱ्यावरून शीड दिसत होतं, मग दिसेना. संध्याकाळी कोळ्यांनी होडी ओढत आणली. डोलकाठी बुडातून मोडली होती, आणि कोसळताना तिने कॅनव्हास फाडलं होतं. हे सापडले नाहीत.

सासूबाई वाळूत बसून विचारत होत्या, "कशानं मोडली गं? एवढी मजबूत होती ना?"

सगळं ओठांवर आलं होतं. भयंकर चीड आली होती, त्यांची आणि ह्यांचीही. पण त्या माझा हात सोडत नव्हत्या.

"वारा फार होता, आई," मी म्हटलं.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघी त्याच घरात राहिलो. सासूबाई वाऱ्याला शिव्या घालायच्या, आणि मी होला हो म्हणायची.