काचेच्या खोलीतली बोटं

हॉस्पिटलात तीस वर्षं फरशी पुसली की किस्से केरासारखे साठतात. फरक एवढाच, की केर रोज बाहेर टाकता येतो. मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात मावशी. शाळा पाहिली नाही. औषधांची खोकी वाचत वाचत अक्षरं शिकले. मला अडाणी म्हणणाऱ्याची खैर नाही!

हे सगळं एकाच महिन्यातलं. दिवस न भरलेल्या बाळांची आमची काचेची खोली. तिथं सुधारत आलेली बाळं अचानक तापायला लागली. एक गेलं.

*

ते गेलं तीन नंबरच्या उबेच्या पेटीत. त्याच दिवशी सायखेड्याची सुनंदा आली. सातव्या महिन्यात झालेली पोर. आधीची दोन हातची गेलेली. पेटी रिकामी होती ती तीनच नंबरची. तिची सासू दारातच बसली.

"त्या पेटीत कुणीतरी हाय! माझी नात तिथं ठेवायची नाय!"

"असू दे की! त्याचेही हात साबणानं धुवून घेते!" मी म्हणाले.

म्हातारी हसली नाही. दुसरी पेटी मोकळी करून पोरीला दोन नंबरला ठेवलं.

*

तीन नंबर धुऊन रिकामी ठेवली. चार दिवसांनी पाच नंबरचं बाळ तापलं.

सासू काचेला नाक लावून बघत होती. म्हणाली, "उठलं तिथून. आता हिंडतंय."

मी जाऊन तीन नंबर पुन्हा एकदा पुसून काढली.

*

इन्फेक्शनचं काम बघणाऱ्या रेश्मा सिस्टरनी मला दाराशी उभं केलं. हात धुतल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.

मोठे डॉक्टर थबकले. "मावशी, आता तुम्ही मला शिकवणार?"

"साहेब, तुमची डिग्री मला वाचता येते. जंतूंना येत नाही. धुवा!"

*

मग सिस्टरनी ज्याला जसं गाठलं तसे तळहात, जंतू उगवून दाखवणाऱ्या जेलीच्या ताटल्यांवर दाबून घेतले. तीन दिवसांनी ताटल्या लॅबमधून परत आल्या. डॉक्टरांचा पंजा उगवला होता! पाचही बोटं, पिवळट, लव फुटलेली.

डॉक्टरांनी आपला हात ताटलीशेजारी धरून पाहिला. "मी घरी होतो, आणि हा इथे वाढत होता?"

माझी ताटली? कोरी! सगळ्या वॉर्डात फिरवून दाखवली मी.

*

शेवटचा किस्सा मी कुणाला सांगितला नव्हता. पोर वाचली, म्हणून तोंड उघडते.

सुनंदाची पोर तापली. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, डोळ्यांना न दिसणारी जेल खोलीच्या दाराच्या हँडलला लावून ठेवली. दुपारी आम्हाला हात धुवायला लावले, पडदे ओढले, निळा दिवा लावला.

हँडल लखलखलं.

"बाहेर हात धुतो, आणि हेच ओढून आत येतो आपण," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी पोरीचं काढून ठेवलेलं टोपडं दिव्याखाली धरलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. चकाकणारी.

"कुणाची?"

आम्ही हात पुढे केले. एकही चकाकला नाही, सगळे स्वच्छ. सिस्टरनी दिवा वर उचलला आणि थांबल्या.

"मावशी, हलू नका."

समोरच्या काचेत मला माझा चेहरा दिसला. अंधारात दोन्ही कानशिलं पेटलेली.

दारातून सुनंदा हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हीच ना, रोज माझ्या पोरीवरून हात उतरवून कानशिलांवर बोटं मोडता?"