उलटं लागलेलं चित्र

आजही वर्तमानपत्रात एखाद्या ग्रहाचा फोटो आला की मी आधी कागद गोल फिरवून बघतो. घरातले हसतात. मीही हसतो, पण फिरवायचं सोडत नाही. उजेड कुठल्या बाजूने पडलाय हे कळल्याशिवाय त्या दगडी गोळ्यावरचं मला काही खरं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात मी भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला शिकवत होतो. मी मूळचा इतिहासाचा. शास्त्राचे मास्तर बदलून गेले आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. न येणारा विषय शिकवणाऱ्याचा आवाज जरा चढाच असतो, आणि माझा तर मुळातच चढा. हसनाबादच्या बाजारात रद्दीवाल्याकडे एक जुनं मासिक मिळालं. त्यात बुध ग्रहाचा पानभर फोटो होता, जवळून गेलेल्या यानाने काढलेला. मी हरखलो. पान कापलं, नीटनेटकेपणाच्या हौसेत कडेचा मजकूर छाटून टाकला, कणकेच्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि फळ्याशेजारी टांगलं.

फोटोत करड्या जमिनीवर गोल गोल उंचवटे दिसत होते, लहान-मोठे, एकमेकांवर चढलेले. 'बुधावर अशा असंख्य टेकड्या आहेत,' मी ठणकावून सांगितलं. वहीत लिहूनही दिलं.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचे वडील विहिरींना सुरुंग लावायचे. घरी उर्दू बोलणारं कुटुंब, पण पोरीचं मराठी अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांना भाकरी न्यायची आणि लांब बसून खडक फुटताना बघायची. ती उठून चित्राजवळ आली, खाली वाकली आणि मान उलटी करून बघायला लागली. वेणी फरशीला टेकली. वर्ग हसला.

"सर, ह्या टेकड्या न्हाईत. खड्डे हायत. सुरुंग उडल्यावर माती कशी भायेर उसळती, तशी बराबर चहूकडं रेघा मारल्यावानी दिसून राह्यली."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. खरं सांगायचं तर तसंही वाटलं नाही. मला उत्तर देता येत नव्हतं, एवढंच. "उलट्या खोपडीची कुठली!" मी ओरडलो आणि तास संपेपर्यंत तिला कान धरून दाराबाहेर उभं केलं.

मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्याचं 'उलटी' केलं. उलटी म्हणजे ओकारीसुद्धा. पोरांना आणखी काय लागतं? ती दिसली की कुणी तोंडावर हात धरायचं, कुणी पोट दाबून ओकल्याचं सोंग करायचं. मी ते बघितलं. एकदा मलाही हसू आलं, आणि आज ते लिहिताना लाज वाटते. आठ-दहा दिवसांत ती यायची बंद झाली.

दिवाळीच्या सुट्टीत वर्गाला सफेदी झाली. पुठ्ठ्याची सुतळी तुटली म्हणून शिपायाने खालच्या कडेला भोक पाडलं आणि चित्र परत टांगलं. सुट्टीनंतर मी वर्गात शिरलो आणि दारातच थबकलो. टेकड्या गेल्या होत्या. सगळीकडे खड्डे, काठ उचललेले, भोवती उडालेल्या मातीच्या रेघा. मी चित्र फिरवलं, टेकड्या आल्या. परत फिरवलं, खड्डे. उजेड वरूनच येतो असं आपले डोळे धरून चालतात, आणि चित्रात तो खालून आला की खड्ड्याची टेकडी करतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी पुठ्ठा बादलीत भिजवला आणि पान सोडवलं. मी टांगलं होतं त्या बाजूने धरलं तर मागची अक्षरं डोक्यावर उभी होती.

मग मी काय केलं? पान वाळवलं, सुलट चिकटवलं आणि दोन आठवडे गप्प बसलो.

तिच्या वडिलांना मंठ्याकडे काम मिळालंय, घरच तिकडे हललंय, असं कळलं. शेवटी एका रविवारी पुठ्ठा पिशवीत घालून मी एसटीने गेलो. विचारत विचारत विहीर सापडली. वडिलांनी "या मास्तरसाब" म्हणत पोतं अंथरलं, पण सुरुंग भरून झाला होता. त्यांनी काठावर उभं राहून तीनदा आरोळी दिली, "दूर सरकाऽ!" आम्ही बांधाआड बसलो. जमीन हादरली, दगड पडायचे थांबले. मी पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला.

"तुझं बरोबर होतं. चूक माझी होती."

तिने एका खड्ड्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तिथं सुरुंग कुनी लावला, सर?"

"कुणी नाही. आभाळातून दगड येऊन पडले."

"मंग दूर सरका म्हनून कुनी वरडलंच नसंल."

वडील म्हणाले, "मास्तरसाब, ही शाळंचं नावच घेईना. गावात आजीपाशी ऱ्हा, म्हनून म्या लई समजावलं. हिनं शिकावं म्हनतो मी, बिलकुल सोडू नये."

"ये परत," मी तिला म्हणालो.

"आधी वर्गात सांगा," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत मी वाक्य पाठ केलं: चित्र मी उलटं लावलं होतं. सोमवारी वर्गासमोर उभा राहिलो, साठ डोळे माझ्याकडे लागले, आणि तोंडातून निघालं, "मुलांनो, ते चित्र उलटं लागलं होतं." लागलं. वर्गाने वह्या दुरुस्त केल्या. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बापलेक आले. तिच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. वडील हापिसात माझ्यापाशी थांबले, ती बाहेर मैत्रिणीला विचारत होती, सर काय म्हणाले. मैत्रिणीने शब्दन् शब्द सांगितला. मला खिडकीतून ऐकू येत होतं. मग ती आत आली आणि वडिलांच्या कानाशी काहीतरी बोलली.

वडिलांनी टोपी काढली, परत घातली. "मास्तरसाब, हितं न्हाई म्हनती. दाखला द्या. मंठ्याला बघतो कुठं घेत्यात का."

सही मुख्याध्यापकांची, पण दाखले लिहायचं काम माझ्याकडे होतं. वर्तणूक: चांगली. प्रगती: चांगली. शाळा सोडण्याचं कारण. या रकान्यात आम्ही सगळ्यांच्या दाखल्यावर एकच लिहायचो. टाक क्षणभर थांबला. मग मी तेच लिहिलं, सही-शिक्का करून आणला आणि कागद दिला.

वडिलांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी तो लेकीला दिला. ती मोठ्याने वाचत गेली आणि त्या रकान्याशी आली. "पालकांच्या विनंतीवरून."

"विनंती?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. त्यात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "म्या कवा केली विनंती?"

मी दौतीचं झाकण लावत राहिलो.

"अब्बा, ऐसाइच लिखते," ती म्हणाली. तिने दाखल्याची घडी घातली. "चलो."