चारही चाकांना वंगण

सोपानकडे एक जुनी जीप होती आणि तो आळेफाटा ते खेड वडाप करायचा. नऊ जणांच्या जागेत सोळा कोंबायचा, चालत्या गाडीतून गुटखा थुंकायचा आणि तो मागच्या कुणाच्या तोंडावर उडाला की वर ऐकवायचा, "तोंड फिरवायचं ना राव." मी खेडला एका वकिलाकडे टायपिंग करायचो, त्यामुळे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला मला हा माणूस रोज सोसावा लागला. अजून आठवला की अंगातला शर्ट काढून धुवायला टाकावासा वाटतो.

जीपमधून कसलाही आवाज आला की त्याचं कारण फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्याची खात्री होती. रस्त्यातच गाडी थांबवायची, चाकाशी उकिडवं बसायचं, आतली काळी घाण बोटावर घ्यायची, हुंगायची आणि, लिहितानाही मळमळतंय, जिभेच्या टोकाला लावायची. मग डोळे मिटून निदान. "धूळ गेलीया." "बेरिंग तापलंया." तेच बोट तो लाडानं कुणाच्याही लेकराच्या गालावरून फिरवायचा. बाकीचे प्रवासी कौतुकानं बघायचे, त्याची मला जास्तच शिसारी यायची.

एका उन्हाळ्यात ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक किंचाळायला लागलं. आळेफाट्याच्या हौशीराम मेकॅनिकनं मान वर न करताच सांगितलं, "ब्रेकचं लायनर संपलंय. लोखंडावर लोखंड घासतंय. गाडी ठेवून जा."

सोपाननं बोट घातलं, चाखलं आणि तो हसला.

"कोरडं पडलंय रं. आमच्या बैलगाडीचा आख असाच करकरायचा. आमचा बा वंगण घालायचा, की गाडी गप!"

"आरं, बैलगाडीला ब्रेक व्हता का?"

"चाक ते चाक," सोपान म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

घरी त्यानं चाकं खोलली, ड्रम काढले आणि ब्रेकच्या पट्ट्यांवर एरंडेल ओतलं. ओरडत होतं एकच चाक. पण बैलगाडीला दोन्ही बाजूंनी वंगण देतात, म्हणून यानं चारही चाकांना दिलं.

दुसऱ्या दिवशी जीप खरंच गप होती. पुढच्या सीटवर त्याच्या आई धोंडाबाई बसल्या होत्या, मांडीवर कुरडयांचा डबा घेऊन, खेडला लेकीकडे निघालेल्या. त्यांच्या शेजारी मी. दर थांब्यावर सोपान आपला पराक्रम सांगत होता. मंचरला गाडी थांब्याच्या बरीच पुढं जाऊन थांबली, तर म्हणाला, "ब्रेक बगा कसा लोण्यावानी मऊ झालाय. वंगण मुरलं."

मी चिडून म्हणालो, "अरे, गाडी थांबत नाहीये!" तो माझ्याकडे बघून नुसता थुंकला.

पेठ मागं पडलं आणि घाटाचा उतार लागला. डिझेल वाचवायला त्यानं सवयीप्रमाणं गाडी न्यूट्रलला टाकली. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी तशीच. पुन्हा दाबला, मग उभं राहून दाबला. गिअर पडेना. हँडब्रेक तर कधीपासून नावालाच होता. मागं बायका ओरडायला लागल्या. सोपाननं एकदा आईकडे बघितलं, एकदा खाली पळणाऱ्या रस्त्याकडे बघितलं आणि उडी मारली.

मी धोंडाबाईंच्या अंगावरून आडवा झालो, स्टिअरिंग धरलं आणि डोंगराच्या बाजूला ओढलं. जीप खडीच्या ढिगात घुसून थांबली. सगळे जिवंत होते. धोंडाबाईंचा हात मोडला होता आणि कुरडयांचा भुगा सगळ्यांच्या केसांत होता.

वरून सोपान लंगडत आला. त्यानं आईचा हात बघितला नाही. खाली वाकून त्यानं चाकाकडे बघितलं आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, "सांगा, आवाज आला का? एक तरी आवाज आला का?" इतका घाणेरडा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

खेडच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "आजी, तुमच्याबरोबर घरचं कोण आहे?"

सोपान पुढं झाला. धोंडाबाईंनी चांगल्या हातानं त्याला बाजूला सारलं.

"घरचं कुनी न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "ह्यो जीपचा डायवर हाय."