फुंकायची खोली आणि अठरा पायऱ्या

किस्से छातीतल्या कफासारखे असतात. एक खाकरून काढला की मागनं दुसरा येतो, आणि माणूस म्हणतो, "आयला, हा पण होता की आत!"

माझं शिक्षण सातवी, ती पण दोनदा. पण कोल्हापुरातल्या भल्याभल्यांच्या छातीतला वारा मी मोजलाय. एका दवाखान्यात छातीच्या विभागात तीस वर्षं नोकरी केली. तिथं एका खोलीत मशीन होतं. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग त्याच्या कानाशी बोंबलायचं, "फुंक! फुंक! फुंक! अजून! अजून!" मशीनचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. लोक म्हणायचे फुंकायची खोली. तिथं आम्ही तिघं: डॉक्टरसाहेब, अक्का सिस्टर आणि बोंबलणारा मी, गुंडू.

आता तिघंही रिटायर. त्यात साहेबांना गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. बरे झाले, पण फुप्पुसं ताठरली. बाईसाहेब आधीच गेलेल्या, घरी एकटेच. मुलगी आशूताई बंगळूरला. तिनं फोनवर अट घातली, "बाबा, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. घरातल्या अठरा पायऱ्या मध्ये दम खायला न थांबता चढून दाखवा आणि खुशाल कोल्हापुरात राहा. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर यायचं."

साहेबांचं अंथरूण, पुस्तकं, गॅलरीतली आरामखुर्ची, सगळं वर. ते जिन्याकडं बघत म्हणाले, "तिच्या घरी लिफ्ट आहे." तिच्या घरी साप आहे, असं म्हणावं तसं म्हणाले!

मग मी आणि अक्का रोज चारच्या चहाला साहेबांकडं जायला लागलो. साहेबांनी व्यायाम करायचा, आम्ही जुनं उकरून काढायचं.

*

पहिला निघाला तो पैलवान. मान कुठं संपते आणि डोकं कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. श्वास घे म्हटल्यावर त्यानं असा घेतला की शर्टाचं बटण तुटून अक्काच्या टेबलावर पडलं.

"आता सोडा," साहेब म्हणाले. सोडेना.

"सोड की लेका!" मी. सोडेना. गडी लाल झाला, मग जांभळा झाला, आणि सगळा वारा ओठाच्या कोपऱ्यातनं चोरून चोरून सोडला. मशीनला काही कळलंच नाही.

"पैलवान, एकदम का सोडत नाही?"

"वस्तादांनी सांगितलंय साहेब. दम सोडला की गडी पडला."

साहेबांनी दहा मिनिटं समजावलं. बरगड्या कशा उचलतात, आतला वारा किती जोरात बाहेर पडतो ते का बघायचं, सगळं. पैलवान मान हलवायचा आणि परत दम कोंडायचा. चौथ्या खेपेला त्याची छाती भरली, तसा मी मांडीवर थाप मारून ओरडलो, "चीत केलास रं गड्या! मारलीस कुस्ती!"

त्यानं असा हुंकार सोडला की नळी उडून समोरच्या भिंतीवर आपटली, नाकाचा चिमटा खिडकीबाहेर!

साहेब शांतपणे म्हणाले, "गुंडू, नळी तोंडात नसताना मोजता येत नाही."

*

पेठ वडगावची एक आज्जी होती. जन्म चुलीपुढं गेलेला. नळी तोंडात दिल्यावर बाई जी फुंकायला लागली ती बारीक, एकसारखी, शांत. थांबायचं नावच नाही. मशीनला पहिल्या झटक्यात डोंगर पाहिजे असतो, आणि कागदावर तर माळरान उमटत होतं.

"आज्जी, जोरात! एकदम!"

"जोरात कसं फुंकू लेकरा? राख डोळ्यात जातीया की."

"हितं राख कुठं हाय?"

"तुला काय म्हाईत. तू कधी फुंकलास व्हय?"

अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. साहेबांनी आज्जीचा एक्सरे उजेडावर धरला, बराच वेळ बघितला. मग विचारलं, "आज्जी, घरात गॅस नाही का?"

"हाय की. सून चा करती त्याच्यावर. पर भाकरी चुलीवरचीच पायजे म्हणत्यात सगळी."

"सगळी म्हणजे कोण?"

"खाणारी!"

हा किस्सा सांगून झाल्यावर साहेब उठले आणि जिन्याकडं गेले. सहा पायऱ्या चढले, सातवीवर बसले. मी आणि अक्का चहाच्या कपात बघत बसलो.

*

साहेब शिकवायला लागले की ऐकत राहावं. त्यांनी माझ्याकडनं एक खेळणं करून घेतलं होतं. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बुचातनं आत जाऊन दोन फाटे फुटलेली नळी, त्या फाट्यांच्या टोकांना दोन फुगे आणि तळाला ताणून बांधलेलं रबर. बाटली म्हणजे बरगड्यांचा पिंजरा, फुगे म्हणजे फुप्पुसं, रबर म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. रबर खाली ओढलं की आतले फुगे आपसूक फुगायचे.

"हवा आपण ओढून आणत नाही," साहेब शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे. "पडदा खाली सरकतो, छातीत जागा होते, हवा आपण होऊन आत येते."

एकदा मागं बसलेला हातकणंगल्याचा एक पेशंट म्हणाला, "म्हंजी एस्टीत मागं जागा झाली की दारातली माणसं आत सरकत्यात, तसंच की!" साहेब एवढे खूश, की पुढं वर्षानुवर्षं एस्टीच शिकवली.

मला कुठं चैन पडतंय! एके दिवशी तासाच्या आधी मी तापल्या सळईनं बाटलीला बाजूनं चांगलं शेंगदाण्याएवढं भोक पाडलं. साहेबांनी ऐटीत रबर ओढलं. फुगे ढिम्म. परत ओढलं. ढिम्म. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी दाराआड तोंडात रुमाल कोंबून उभा.

साहेबांनी बाटली फिरवली, भोक बघितलं आणि त्याच आवाजात पुढं बोलले, "आता पाहा. सुरा लागून किंवा अपघातात छातीला असं भोक पडलं, तर हवा नळीतून न येता इथून शिरते. पिंजरा हलतो, पण फुप्पुस बसतं. अशा पेशंटला आधी काय कराल?"

एका पोरीनं पुढं होऊन भोकावर अंगठा दाबला. रबर ओढलं. फुगे टम्म!

तास संपल्यावर साहेब दाराआड आले. मला वाटलं, गेली नोकरी. म्हणाले, "दर वर्षी याच तासाला पाडत जा."

*

अक्का गडहिंग्लजकडची, घरात निम्मं कानडी, आणि कडक शाकाहारी. अंड्याचं नाव काढलं तरी तिथनं उठायची.

एकदा साहेबांना पोरांना दाखवायला बकऱ्याचं फुप्पुस पाहिजे होतं, श्वासनळीसकट आणि भोक न पडलेलं. मी मटणाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "पावणं, रस्सा करायचाय का फुगा?"

"फुगा!" म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघतच कागदात बांधून दिलं.

दवाखान्यात आणून मी ते स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. शेजारी अक्काचा दहीभाताचा डबा. दोन्ही डबे सारखे. आता हे चुकून झालं का मुद्दाम, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत किंकाळी आली. "अय्यो शिवा!" डबा एकीकडं, झाकण एकीकडं, अक्का खुर्चीवर उभी! मी, साहेब, निम्मा वॉर्ड धावलो. तिनं मला ज्या कानडी शिव्या घातल्या, त्यातल्या दोन मला आजही पाठ आहेत. साहेबांना कानडी कळायचं, पण अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही.

दुपारी सायकलच्या पंपानं ते फुप्पुस फुगवलं. गुलाबी, मऊ, ढगासारखं. पोरं थक्क. मागनं दारातनं, नाकाला पदर लावून, अक्काचा आवाज आला, "साहेब, माणसाच्या उजव्या फुप्पुसाला तीन पाळ्या. ह्याला चार कशा?"

साहेबांनी मोजलं. चार. बकऱ्याच्या उजव्या फुप्पुसाचे भाग चारच असतात.

बाई खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती, तेव्हा मोजत पण होती!

*

आता घरचा किस्सा. साहेबांना व्यायामाला ते तीन गोळ्यांचं खेळणं दिलं होतं. नळीतनं श्वास ओढायचा, की एकेक गोळी वर चढते. शिकवायला फिजिओथेरपीवाली पोरगी यायची. पहिल्या दिवशी साहेबांनी नळी तोंडात धरली आणि जोर लावला. एक गोळी हलंना.

"काका, ओढायचं. तुम्ही फुंकताय."

"मला माहीत आहे!" साहेब कडाडले आणि परत फुंकले.

ज्या माणसानं जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना श्वास शिकवला त्याला पोरगी 'काका, ओढा' सांगतेय, आणि तो फुंकतोय! तीस वर्षं कानावर माझं 'फुंक, फुंक' पडलेलं. दुसरं काय होणार?

मला बघवेना. ती फोनवर बोलायला बाहेर गेली, तसं मी खेळणं उलटं धरलं. "साहेब, आता फुंका." फुंकले, आणि दोन गोळ्या टणाटण वर!

"चढल्या!" मी ओरडलो. पोरगी आत आली. खेळणं उलटं, मी खिडकीबाहेर बघतोय.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

साहेब हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारी ते अकरा पायऱ्या चढले. शनिवारी दहाच. त्या दिवशी किस्सा कुणीच काढला नाही.

*

रविवारी आशूताई आली. मोकळी बॅग घेऊनच आली. चहा झाला, आणि कुणी काही बोलायच्या आधी साहेबच उठले.

"गुंडू, तू पुढं चल."

मी पुढं, साहेब मागं, त्यांच्या मागं आशूताई पायऱ्या मोजत. अक्का खाली कठडा धरून उभी. पाच. सहा. सात. मी मागं बघत नव्हतो, पण कान मागंच होते. आठव्या पायरीला मला कळलं, आता संपलं.

"गुंडू!"

मी वळलो. साहेबांचा एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर रोखलेलं.

"तू... परत... विड्या ओढायला लागलास?"

मी साहेबांच्या तोंडाकडं बघितलं. ओठ निळसर पडलेले. आणि मान खाली घातली.

"मला... अक्कानं सांगितलं."

खालनं अक्का ओरडली, "व्हय! मीच सांगितलं!" सोमवारचा उपास धरणारी बाई!

"मामा!" आशूताई भडकली. "बाबांच्या हाताखाली इतकी वर्षं काढून तुम्ही विड्या ओढता? बाबांचं काय झालंय ते बघताय ना रोज?" चांगली दोन मिनिटं तिनं मला झाडलं. साहेब कठड्याला टेकून, मान हलवत, शांतपणे ऐकत होते.

"चल," ते म्हणाले.

नऊ. दहा. अकरा. बारा. तेरा.

"दिवसाला... किती ओढतोस?"

मी सुरू केलं. सकाळी उठल्या उठल्या एक. चहावर एक. मंडईत गेलो तर दोन. न गेलो तर तीन, कारण घरी करमत नाही. जेवल्यावर...

"जेवल्यावर किती?" आशूताईचा आवाज चढला.

"कुठलं जेवण ताई, दुपारचं का रातचं?"

साहेबांच्या ओठांवर रंग येईपर्यंत मी विड्या मोजत राहिलो. मग पाच पायऱ्या सलग. वर जाऊन साहेब आरामखुर्चीत बसले.

"अठरा," ते म्हणाले.

"पण बाबा, तुम्ही दोनदा थांबलात."

"मी? मी याच्यासाठी थांबलो."

आशूताईनं त्यांच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग बाबांच्या पायावर हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली, की आजपासून विडी बंद. मी घेतली. संध्याकाळी ती एकटीच बंगळूरला गेली.

आणि तेव्हापासून मी विडी सोडली ती सोडलीच. धरली कधी होती, ते मात्र मला अजून आठवत नाही.