निंबापर्यंत आवाज

"काऊन मास्तर, आज शाया बंद हाय काय?"

पाटील दारात उभे होते. आत वर्ग भरलेला. कुणी मनात वाचत होतं, कुणी पाटीवर उदाहरण सोडवत होतं.

"चालू आहे, पाटील. मुलं वाचताहेत."

"मंग आवाज काऊन नाही येऊन राह्यला?"

मी नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे मास्तर तयार करणाऱ्या शाळेतून, नुकताच पास होऊन पिंपळगाव राजाजवळच्या या खेड्यात आलो होतो. घोकंपट्टी नको, आधी समजू द्या, असं तिथं आम्हाला बजावलं होतं. मी ते मनावर घेतलं. नवा होतो, दुसरं काय.

गावाचा हिशेब वेगळा. पाढ्यांचा गलका चौकातल्या निंबापर्यंत पोचला तर शाळा चालली, नाही तर मास्तर झोपला. निंबाच्या पारावर गावातली वडीलधारी बसायची आणि तिथूनच शाळेची परीक्षा घ्यायची. महिनाभरात मुलं गळू लागली. "थे मुकाट्यानं बसून काय शिकून राह्यले? त्यापरीस कापूस येचतीन," आया तोंडावर सांगायच्या. हजेरी घसरली की जिल्हा बोर्ड शाळा उठवायचं. आणि एकदा उठलेली शाळा परत येत नसे.

पाटलांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, "काही नका करू. फक्त आयकू येऊ द्या."

मग मी वर्गाचे दोन भाग केले. अर्धी मुलं पावकी, निमकी, दिडकी ओरडायची. हे पाव, अर्धा आणि दीडचे जुने पाढे. तेवढ्या वेळात उरलेल्या अर्ध्यांना मी कोपऱ्यात घेऊन शिकवायचो. मग अदलाबदल. संध्याकाळी डोकं भणभणायचं, पण मुलं परत आली.

मग बुलढाण्याहून डिप्टी आले. डिप्टी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. गलका त्यांनी निंबाखालीच ऐकला होता.

"अजून घोकंपट्टीच?"

"साहेब, मुलांना काही विचारून बघा."

त्यांनी पाटलांच्या नातीला, ठकूला, उभं केलं. "चार बैलांना कडब्याच्या सहा पेंढ्या लागतात. सहा बैलांना किती?"

ठकूनं जरा विचार केला. "एका बैलाले दीड. मंग सहाले नऊ."

"दिडकी पाठ आहे हिची," साहेब मला म्हणाले.

"पण सायेब," ठकू म्हणाली, "दिवसभर वखराले जुपलेले बैल असले तं नऊत नाही भागत."

"विचारलं तेवढंच सांग."

ठकू खाली बसली. वर्षभर मी ज्यासाठी घसा कोरडा केला, ते माझ्यासमोर घडलं होतं आणि मी गप्प राहिलो. साहेबांनी शेरा लिहिला: शिक्षक जुन्या वळणाचा, मुलं आगाऊ. शाळा वाचली, माझी बदली झाली. बदलीचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते ठकूचं. त्या दिवसापासून ती विचारलं तेवढंच सांगू लागली.

निघताना पाटील बैलगाडीपाशी आले. "मास्तर, पयले तुम्ही काही शिकवतच नव्हते. आता कुठं शिकवू लागले होते, तं बदली."

मी हो म्हटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

जळगाव जामोदला हजर झालो. पहिल्या दिवशी हजेरी घेण्याआधीच विचारून घेतलं, इथली वडीलधारी मंडळी कुठं बसतात.